नाकापेक्षा मोती जड: फिल्म फेस्टिवल आणि सिनेमाच्या बातम्यांवर उपरोधिक डॉक्युमेंटरी कशी करायची

मागे एका फिल्म फेस्टिवलला मी सलग सहा दिवस कॅमेरा घेऊन फिरले. परत आल्यावर फुटेज बघायला बसले, एकूण साडेनऊ तासांचं होतं, आणि वहीत नोंदी करता करता लक्षात आलं की यात लोक सिनेमाबद्दल बोलतायत, म्हणजे त्यातली गोष्ट, एखादा शॉट, एखाद्याचं काम, असं सगळं मिळून फक्त चौदा मिनिटं आहे. बाकी सगळा वेळ पासचा रंग, रांग, कोण आलंय, कोणी काय घातलंय, टाळ्या किती वेळ वाजल्या, कुठला सिनेमा कोणी विकत घेतला आणि रात्रीच्या पार्टीचं आमंत्रण कोणाकडे आहे. त्या चौदा मिनिटांनी मला माझा विषय दिला. पुढे त्याची अकरा मिनिटांची फिल्म झाली, फार लोकांनी बघितलेली नाही, पण ती करताना जे शिकले ते लिहून ठेवतेय कारण अशी फिल्म करायची इच्छा बऱ्याच जणांना असते आणि बहुतेक जण पहिल्याच वळणावर चुकतात, मीही चुकले होते.

तर पहिलं वळण हेच की टर कोणाची उडवायची. फेस्टिवलमध्ये गेलात की हसण्यासारखी माणसं ढिगाने सापडतात, काळा चष्मा लावून अंधाऱ्या हॉलमध्ये बसलेला निर्माता, तासभर स्वतःचेच फोटो काढणारी कोणीतरी, सिनेमा न बघताच प्रश्न विचारणारा पत्रकार. कॅमेरा आपोआप तिकडे वळतो. वळू दे, शूट करा, पण फिल्म त्यांच्यावर उभी करू नका. माणसावर हसलं की प्रेक्षक दोन मिनिटं हसतो आणि विसरतो, कारण तो माणूस गेला की दुसरा येतो. जी यंत्रणा त्या माणसाला असं वागायला लावते ती दाखवली तर प्रेक्षक पुढचं फेस्टिवल, पुढची बातमी वेगळ्या नजरेने बघतो. मी संकलनाच्या टेबलासमोर एकच प्रश्न चिकटवून ठेवला होता, 'इथे सिनेमा कुठे हरवला?' प्रत्येक शॉटला हा प्रश्न विचारायचा. उत्तर मिळालं तर शॉट ठेवायचा, नाहीतर कितीही मजेशीर असला तरी बाजूला.

आधी यंत्रणा समजून घ्या

कॅमेरा उचलायच्या आधी दोन-तीन आठवडे नुसतं वाचा. इतिहास माहीत नसेल तर तुमचा उपरोध 'हल्ली सगळं बिघडलंय' एवढ्यावरच थांबतो, आणि ते खरंही नाहीये. व्हेनिसचं फेस्टिवल १९३२ साली सुरू झालं, सगळ्यात जुनं तेच, आणि पहिल्या वर्षी तिथे अधिकृत बक्षीसं नव्हतीच, प्रेक्षकांचा कौल घेतला होता. सहा वर्षांत मामला इतका बदलला की १९३८ ला बक्षीसांमध्ये मुसोलिनी आणि हिटलरच्या सरकारांचा दबाव उघड दिसला आणि त्याच्या रागातून फ्रान्सने कान्सचं फेस्टिवल १९३९ च्या सप्टेंबरात करायचं ठरवलं. तेवढ्यात युद्ध सुरू झालं आणि ते खऱ्या अर्थाने भरलं ते १९४६ मध्ये. म्हणजे फेस्टिवल आणि राजकारण हे एकाच पाळण्यात वाढलेत, कोणीतरी नंतर येऊन ते नासवलं असं नाही.

फोटोंचंही तसंच. १९५३ ला ब्रिजित बार्दो या फ्रेंच नटीचे कान्सच्या किनाऱ्यावरचे फोटो जगभर गेले, आणि 'पापाराझी', म्हणजे नटनट्यांच्या मागे लागणारे फोटोग्राफर, हा शब्द तर एका सिनेमानेच दिलाय, इटालियन दिग्दर्शक फेलिनीच्या १९६० च्या 'ला दोल्चे व्हिता' मधला फोटोग्राफर पापाराझो, त्याच्या नावावरून. मला हे फार मोलाचं वाटतं की सिनेमाने स्वतःच्या भोवतीच्या गर्दीला स्वतःच नाव दिलं. तुमची फिल्म त्याच ओळीत उभी राहणार आहे हे डोक्यात असलं की हात जरा जपून चालतो.

त्याच १९६० सालची अजून एक गोष्ट, आणि ही तर मी सगळ्यांना सांगत असते. कान्सला अंतोनिओनी या इटालियन दिग्दर्शकाचा 'लाव्हेंतुरा' दाखवला तेव्हा हॉलमध्ये लोकांनी हुर्यो उडवली, नको तिथे हसले. दुसऱ्या दिवशी काही दिग्दर्शक आणि समीक्षकांनी सह्या करून सिनेमाच्या बाजूने पत्रक काढलं, शेवटी त्याला ज्युरी प्राइज मिळालं, आणि आज तो सिनेमाच्या इतिहासातला मैलाचा दगड मानतात. आता विचार करा की ती हुर्यो आज झाली असती तर हॉलचा दिवा लागायच्या आत 'सपशेल आपटला' अशी हेडलाइन लागली असती आणि बाकीच्यांनी री ओढली असती. पत्रक निघायला जी एक रात्र मिळाली ती आज कोणालाच मिळत नाही. पहिली प्रतिक्रिया आणि विचार करून दिलेली प्रतिक्रिया यांच्यातला वेळ कसा संपला, यावर एक अख्खी फिल्म होऊ शकते. कोणाला हवी असेल तर जरूर करा.

डॉक्युमेंटरी की मॉक्युमेंटरी, हे आधी ठरवा

मॉक्युमेंटरी म्हणजे सगळं रचलेलं, खोटं फेस्टिवल, खोटा दिग्दर्शक, फक्त मांडणी डॉक्युमेंटरीची. ती करायची असेल तर बिनधास्त करा पण पूर्ण करा. मधलाच मार्ग, म्हणजे खऱ्या फेस्टिवलमध्ये खोटा पत्रकार घुसवायचा आणि खऱ्या लोकांना फसवायचं, हा मला पटत नाही. एकदा प्रेक्षकाला कळलं की एक माणूस रचलेला आहे की तो बाकीच्या खऱ्या गोष्टींवरही विश्वास ठेवत नाही, आणि या विषयात खरं इतकं काही मिळतं की रचायची गरजच पडत नाही.

खऱ्या गोष्टीतून उपरोध कसा निघतो हे शिकायचं असेल तर फ्रेंच दिग्दर्शक झाँ व्हिगोची १९३० सालची 'आ प्रोपो द नीस' बघा. पंचवीसेक मिनिटांची मूक फिल्म आहे, कॅमेरा बोरिस कॉफमनचा. नीस हे कान्सच्या शेजारचं, श्रीमंतांच्या हवापालटाचं शहर. त्यात किनाऱ्यावर ऐटीत चाललेल्या बाईच्या शॉटला शहामृगाचा शॉट जोडलाय, आळसावलेल्या श्रीमंतांनंतर गरीब वस्तीतल्या गल्ल्या आणि वाळत घातलेले कपडे येतात. कोणीही काही बोलत नाही, शॉटला शॉट लावला की बोलणं होतंच. मी ती पाच-सहा वेळा बघितली आणि एकदा तर प्रत्येक शॉटची लांबी लिहून काढली. हा गृहपाठ कुठल्याही वर्कशॉपपेक्षा जास्त कामाला येतो. फक्त त्यांनी काही ठिकाणी लपवलेला कॅमेरा वापरला होता, ते मात्र आज करू नका. कायदा देशागणिक वेगळा आहे हे एक, आणि दुसरं म्हणजे आपण ज्यांच्यावर बोट दाखवतोय त्यांच्या इतकंच आपणही लोकांना न विचारता टिपलं तर मग आपल्यात आणि त्यांच्यात फरक काय राहिला.

आत कसं जायचं

अधिकृत पास मागा. अर्जात खरं लिहा, 'फेस्टिवलचं कव्हरेज कसं होतं यावर फिल्म करतेय' असं. 'उपरोध' हा शब्द लिहिलाच पाहिजे असं नाही पण कोणी विचारलं तर लपवू नका. मला पहिल्या वर्षी पास नाकारला. मग मी दोन दिवस बाहेरच्या रांगेत शूट केलं आणि खरं सांगते, माझ्या फिल्ममधला सगळ्यात चांगला भाग तिथलाच आहे, कारण सिनेमाबद्दल बोलणारी ती चौदा मिनिटं बहुतेक सगळी रांगेतलीच आहेत. तिकीट मिळेल की नाही माहीत नाही, पाय दुखतायत, आणि दोन अनोळखी माणसं एका दिग्दर्शकाच्या जुन्या सिनेमातल्या दरवाजाच्या शॉटवरून भांडतायत. तेव्हा पास नाही मिळाला म्हणून खचू नका.

पास मिळाला तर त्याचा रंग बघा आणि रंगांवर लक्ष ठेवा. कान्सला पत्रकारांच्या पासची उतरंड प्रसिद्ध आहे, पांढरा, मग ठिपका असलेला गुलाबी, मग नुसता गुलाबी, मग निळा, मग पिवळा. रंगावरून आधी कोण आत जाणार ते ठरतं. म्हणजे जो पिवळा पास घालून उभा आहे त्याचं परीक्षण किती खोल असेल याचा संबंध त्याच्या अभ्यासाशी कमी आणि गळ्यातल्या पट्टीशी जास्त. हे कॅमेऱ्यात पकडायला चेहरे लागत नाहीत. कॅमेरा कमरेच्या उंचीवर धरा, नुसते पास येताना-जाताना दिसू देत, आधी रंग दिसतात मग पाय, आणि एक पट्टी अडवली जाते. माझा असा शॉट बावीस सेकंदांचा आहे, एकही शब्द नाही, आणि प्रत्येक वेळी प्रेक्षक तिथे हसतात.

हॉलमध्ये पडद्याचं शूटिंग कधीच करू नका. ते सरळ पायरसीत जातं, आणि शिवाय ज्या सिनेमाला आपण वाचवायला निघालो त्याचंच नुकसान. पडद्याकडे पाठ करून, परवानगी घेऊन, प्रेक्षकांचे चेहरे घ्या.

काय शूट करायचं

सगळ्यात सुपीक जागा म्हणजे जंकेट, सिनेमाच्या प्रसिद्धीसाठी ओळीने दिलेल्या मुलाखती. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, हॉटेलची एक खोली, मागे सिनेमाचं पोस्टर, समोरासमोर दोन खुर्च्या, दोन कॅमेरे, आणि दर चार-पाच मिनिटांनी नवा पत्रकार आत. दाराशी घड्याळ घेतलेली प्रसिद्धीची मुलगी असते, ती बोटाने 'शेवटचा प्रश्न' अशी खूण करते. ती खूण नक्की घ्या. मी एका खोलीबाहेर दीड तास बसले, सगळ्यांची परवानगी होती, दार अर्धं उघडं, आणि एकाच नटाला एकच प्रश्न नऊ वेळा विचारलेला ऐकला, 'या भूमिकेची तयारी कशी केली?' पहिल्यांदा त्याने मनापासून सांगितलं, तिसऱ्यांदा तेच जरा वेगाने, पाचव्यांदा हशा कुठे येणार हे त्याला माहीत होतं आणि तो तिथे थांबला. सातव्या वेळी तो वाक्याच्या मध्येच गप्प झाला, पाण्याचा ग्लास उचलला, ठेवला, आणि म्हणाला, 'हे मी मघाशी सांगितलं का?' त्या एका वाक्यात मला त्याची इतकी दया आली. नटाचा दोष नाही, पत्रकाराचाही नाही, चार मिनिटांत दुसरं विचारणार तरी काय. दोष त्या चार मिनिटांचा.

दुसरी जागा टाळ्या. हे मोजायचं खूळ गेल्या काही वर्षांत फार वाढलंय. 'पॅन्स लॅबिरिंथ' ला २००६ साली कान्सला बावीस मिनिटं टाळ्या मिळाल्या असं सगळीकडे लिहिलेलं सापडतं, आणि तो विक्रम म्हणूनच सांगतात. पण टाळ्या कशा लांबतात तेही बघा. सिनेमा संपला की हॉलमध्येच कॅमेरा कलाकारांसमोर येतो, त्यांचे चेहरे मोठ्या पडद्यावर दिसतात, एकेका चेहऱ्यावर कॅमेरा गेला की टाळ्या पुन्हा चढतात. मी जिथे होते तिथे माझ्या पुढच्या रांगेत एकजण एका हाताने मांडीवर टाळी वाजवत होता कारण दुसऱ्या हातात फोन होता आणि फोनवर स्टॉपवॉच चालू. तीन मिनिटं झाली तसा त्याने शेजाऱ्याला आकडा दाखवला, शेजाऱ्याने मान हलवली आणि स्वतःच्या फोनवर टाइप केलं. असं काही दिसलं तर चेहऱ्यावर जाऊ नका, हात आणि फोन एवढंच घ्या, तो माणूस कोण हे महत्त्वाचं नाही.

तिसरी, आकडे. स्क्रीन इंटरनॅशनल हे सिनेमाच्या धंद्याचं नियतकालिक कान्सच्या वेळी समीक्षकांचा तक्ता छापतं, प्रत्येकाने शून्य ते चार गुण द्यायचे आणि सरासरी काढायची. २०१६ ला 'टोनी एर्डमन' ला ३.७ मिळाले आणि २०१८ ला 'बर्निंग' ला ३.८, दोन्ही त्या-त्या वेळचे विक्रम, आणि दोन्हींना मुख्य ज्युरीने एकही बक्षीस दिलं नाही. यात कोण बरोबर हा प्रश्नच नाही. सिनेमाला दशांश चिन्ह लावलं की त्याबद्दलची चर्चा आकड्याबद्दल होते, हे दाखवायचं. दहा जणांना एकच प्रश्न विचारा, 'या सिनेमाला किती गुण?' आणि मग 'कुठला शॉट आठवतो?' दुसऱ्या प्रश्नानंतर जी शांतता येते ती पूर्ण ठेवा. कधीकधी त्या शांततेनंतर कोणीतरी इतकं सुंदर उत्तर देतं की तुमचा उपरोध क्षणभर बाजूला पडतो. पडू द्या, फिल्मला त्याची गरज असते.

पोस्टरवरच्या पानांच्या वेलींचंही असंच, फेस्टिवलमध्ये निवड झाली की छापतात त्या, 'अधिकृत निवड' वाल्या. वीसेक पोस्टरं एकामागून एक घ्या, वेली वाढत जातात, चेहरे लहान होत जातात. हा भाग अर्ध्या मिनिटाच्या वर नेऊ नका, मुद्दा लगेच कळतो. पण त्या वेलीमागे काय आहे ते एका आकड्यात सांगा, अमेरिकेतल्या सनडान्स फेस्टिवलकडे २०२४ साठी १७,४३५ फिल्म आल्या होत्या, त्यात पूर्ण लांबीच्या ४,४१०, आणि पूर्ण लांबीच्या निवडल्या गेल्या शंभराच्याही आत. हा आकडा ऐकला की पोस्टरवर दहा वेली लावणाऱ्या नवख्या दिग्दर्शकावर कोणी हसत नाही.

आवाजाकडे दुर्लक्ष करू नका

या विषयात चित्रापेक्षा आवाज जास्त बोलतो असं माझं ठाम मत आहे. रेड कार्पेटवर फोटोग्राफर नटीच्या नावाने ओरडतात, इकडे बघ, डावीकडे, वर, खांद्यावरून. नुसता तो आवाज डोळे मिटून ऐका. त्यात जो धाक आहे तो चित्रात दिसत नाही कारण चित्रात ती हसत असते. मी तो आवाज वेगळ्या रेकॉर्डरवर सहा-सात मिनिटं सलग घेतला आणि फिल्ममध्ये तो रिकाम्या कार्पेटच्या शॉटवर टाकला, पहाटे सफाईवाले कार्पेट झाडतायत आणि वरून ते ओरडणं. प्रेक्षकाला काहीही समजावून सांगावं लागत नाही. मात्र असं आवाज-चित्र वेगळं करताना प्रामाणिक राहा, कार्पेट रिकामं आहे आणि आवाज दुसऱ्या वेळचा आहे हे बघताक्षणी कळलं पाहिजे. एकाचा प्रश्न आणि दुसऱ्याच प्रश्नाचं उत्तर जोडून कोणाला मूर्ख ठरवणं, हे कधीच नाही.

सामान कमी न्या. एक कॅमेरा, एक साधी लेन्स, कॅमेऱ्यावर समोरचाच आवाज घेणारा एक माइक, खिशात एक रेकॉर्डर, आणि बॅटऱ्या भरपूर. प्रत्येक जागेचा नुसता शांत आवाज अर्धा मिनिट तरी घ्या, हॉलचा, खोलीचा, रांगेचा, संकलनात जोड लपवायला तोच लागतो.

संकलन, इथेच फिल्म बनते किंवा बिघडते

विनोदी संगीत टाकू नका. टुबा, पिपाणी, धावपळीचं पियानो, काही नको, ते टाकलं की तुम्ही प्रेक्षकाला कोपर मारून 'हस' म्हणताय. निवेदन हवंच असेल तर सपाट, माहितीपर, एखाद्या पक्ष्याच्या सवयी सांगाव्यात तसं. माझ्यात निवेदन नाहीये, फक्त काळ्या पाटीवर वेळ येते, सकाळी आठ, आठ वाजून चार मिनिटं, आठ वाजून आठ मिनिटं.

पुनरावृत्ती हे तुमचं मुख्य हत्यार. तोच प्रश्न, तीच खुर्ची, तेच पोस्टर. पण तीनदा झालं की प्रेक्षक पॅटर्न ओळखतो, पाचव्यांदा कंटाळतो, म्हणून चौथ्या-पाचव्याच्या मध्ये काहीतरी मोडलं पाहिजे. मी नऊपैकी पाच वेळा ठेवल्या आणि पाण्याच्या ग्लासवाली शेवटची, ती पूर्ण, न कापता.

आणि आता माझी चूक. पहिल्या कटमध्ये एक तरुण पत्रकार होती, मध्यरात्र उलटून गेल्यावर हॉटेलच्या जिन्यात बसून लॅपटॉपवर परीक्षण लिहितेय, आणि स्वतःशीच पुटपुटत 'श्वास रोखून धरायला लावणारा' हे शब्द तिसऱ्या सिनेमासाठी वापरतेय. मला ते भयंकर मजेशीर वाटलं होतं. ज्याला संकलन दाखवलं तो मित्र हसला नाही. त्याने फुटेज मागे नेलं, थांबवलं, आणि विचारलं, 'हिने आज किती सिनेमे बघितलेत?' मला माहीत नव्हतं. मी तिला विचारलंच नव्हतं. फोन करून विचारलं तेव्हा कळलं की त्या दिवशी चार सिनेमे, सहा बातम्या, आणि पैसे बातमीमागे मिळतात, दिवसामागे नाही. तो भाग मी काढून टाकला आणि रात्री झोप लागली नाही, कारण माझ्या लक्षात आलं की ज्याच्यावर मी फिल्म करायला निघाले होते तेच मी केलं होतं, चार मिनिटांत माणसाबद्दल मत बनवलं होतं.

तथ्यं तपासा, हक्क तपासा

मथळे, ट्वीट, परीक्षणातली वाक्यं पडद्यावर दाखवताना मूळ तारखेसकट जपून ठेवा. टीका किंवा समीक्षेसाठी छोटा उतारा वापरायला बऱ्याच देशांत कायद्याने वाव असतो, पण किती आणि कसा हे सगळीकडे सारखं नाही, त्यामुळे दाखवण्याआधी एखाद्या जाणकार वकिलाची नजर फिरू द्या. मुलाखत दिलेल्यांची लेखी संमती त्याच दिवशी घ्या, नंतर माणसं सापडत नाहीत.

जाहिरातीतल्या कौतुकाच्या वाक्यांचा भाग करणार असाल तर एक प्रकरण नक्की वाचा. २००१ मध्ये उघड झालं की सोनीच्या सिनेमांच्या जाहिरातींत ज्या डेव्हिड मॅनिंग नावाच्या समीक्षकाची वाक्यं छापली जात होती तो माणूस अस्तित्वातच नव्हता, कंपनीच्या मार्केटिंगमधल्यांनी तो रचला होता. ज्या छोट्या वर्तमानपत्राचं नाव त्याच्यापुढे लावलेलं असे त्यांना याची कल्पनाही नव्हती. पुढे २००५ ला प्रेक्षकांच्या दाव्यात पंधरा लाख डॉलरवर तडजोड झाली. हे सांगताना मसाला लावायची गरज नाही, तारखा आणि वाक्यं ओळीने ठेवली तरी पुरेसं आहे.

आणि दुसरी बाजूही घ्या, नाहीतर फिल्म लंगडी पडते. कान्सने २०१८ ला कार्पेटवर सेल्फीला बंदी घातली आणि त्याच वर्षी पत्रकारांसाठीचे सिनेमाचे खेळ असे हलवले की मुख्य खेळाआधी परीक्षणं बाहेर पडू नयेत. पत्रकारांनी तक्रार केली की आम्हाला लिहायला वेळच उरत नाही, फेस्टिवलचं म्हणणं की सिनेमाच्या टीमला आपली संध्याकाळ तरी नीट मिळू दे. दोघांचंही खरं आहे. असे पेच सापडले की तिथे थांबा, दोन्हीकडच्या माणसांना पुरेसं बोलू द्या. १९६८ मध्ये गोदार, त्रूफो या फ्रेंच दिग्दर्शकांनी आणि त्यांच्या मित्रांनी पडद्याला लटकून कान्सचं फेस्टिवल बंद पाडलं होतं, आणि ज्या सिनेमाचा खेळ त्यांनी अडवला त्या सिनेमाचा दिग्दर्शक कार्लोस सौराने स्वतःच त्यांना साथ दिली होती. फेस्टिवलवरची सगळ्यात कडक टीका फेस्टिवलवर जीव असणाऱ्यांनीच केलीये, हे तुमच्या फिल्ममध्ये आलं तर मला फार आवडेल.

दाखवायची कुठे

फेस्टिवललाच पाठवा, संकोच करू नका. बऱ्याच फेस्टिवलना प्रीमियर स्वतःकडे हवा असतो, तेव्हा आधी ऑनलाइन टाकली तर दार बंद होऊ शकतं, नियम वाचून मगच ठरवा. हॉलसाठी डीसीपी, म्हणजे थिएटरच्या प्रोजेक्टरवर चालणारी फिल्मची डिजिटल प्रत, लागेल, ती बनवून झाल्यावर खऱ्या हॉलमध्ये एकदा चालवून बघा, विशेषतः आवाज, कारण कार्पेटवरचं ओरडणं लॅपटॉपवर ठीक वाटतं आणि हॉलमध्ये कान फाडतं. सबटायटल दुसऱ्या कोणाकडून तरी वाचून घ्या.

पण या सगळ्याच्या आधी, कट लॉक, म्हणजे संकलन पक्कं, करायच्या आधी, फिल्ममध्ये जे दिसतायत त्यातल्या ज्यांच्यापर्यंत पोचता येईल त्यांना ती दाखवा. मी त्या जिन्यातल्या पत्रकार मुलीलाही दाखवली, ती फिल्ममध्ये नव्हती तरी. तिने पूर्ण बघितली आणि म्हणाली, माझा तो शॉट परत टाक. मी म्हटलं, अगं त्यात तू थकून पुटपुटतेयस, लोक हसतील. ती म्हणाली, हसू देत, पण लॅपटॉपच्या कोपऱ्यातलं घड्याळ दिसेल असा टाक. मी मूळ फुटेज काढून बघितलं, घड्याळ होतं, मीच फ्रेम आवळताना ते कापलं होतं. पहाटेचे दोन वाजून एकेचाळीस मिनिटं झालेली. आता तो शॉट फिल्मच्या शेवटी आहे, पूर्ण फ्रेममध्ये, आणि त्यानंतर लगेच काळी पाटी येते, सकाळी आठ.